दारातून आत गेलेलं औषध पुढे कुठे जातं?

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. मॅनोज ही साखर लावलेल्या लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पोकळ गोळीत, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध भरायचं आणि क्षयाचे जंतू दडून बसलेल्या मॅक्रोफेज या गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींत ते पोचवायचं, असा तिचा प्रकल्प आहे. ती विचारते: "मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक पेपरमध्ये पेशींनी असे कण भराभर आत घेतलेले दिसतात. मग रिसेप्टरच्या वाटेने ठराविक रोगप्रतिकारक पेशींत जाणारी औषधं रुग्णांपर्यंत इतकी थोडी का पोचली? आणि रिसेप्टर निवडायचा तरी कशावरून?"

गेली बावीस वर्षं मी औषधवहनाच्या, त्यातही मॅक्रोफेजच्या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा 'पेशीने कण घेतले का' एवढंच मोजत होतो. आता कुणाचा प्रकल्प वाचायला घेतला की आधी एक गोष्ट शोधतो: हा रिसेप्टर, म्हणजे ठराविक रेणू ओळखून धरणारं पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, आत गेल्यावर माल कुठे नेऊन टाकतो, आणि या औषधाचं काम त्याच ठिकाणी आहे का? रिसेप्टर कोणकोणत्या पेशींवर आहे आणि किती आहे, हे त्यानंतर बघतो. हा क्रम उलटा लागल्यामुळे फार प्रकल्प वाया गेलेले मी पाहिले आहेत.

हे समजून घ्यायला गोशे आजाराइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही (आपल्याकडे बरेच जण त्याला गौचरही म्हणतात). म्हणून तिथे जरा थांबतो.

रोज मरणाऱ्या तांबड्या-पांढऱ्या रक्तपेशी गिळून त्यांचा निचरा करणं हे प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजचं काम आहे. गिळलेल्या पेशींच्या आवरणातून येणारा ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा मेद त्या लायसोसोममध्ये फोडतात. लायसोसोम म्हणजे पेशीच्या आतली आम्लधर्मी पिशवी, पेशीचं पचनाचं ठिकाण. हा मेद फोडणारं एन्झाइम जन्मतः कमी पडलं की मेद साचत जातो, मॅक्रोफेज फुगतात, प्लीहा पोटभर वाढते, प्लेटलेट घसरतात, हाडं दुखतात आणि मोडतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने १९६०च्या दशकाच्या मध्यात हा दोष दाखवून दिला. मग उपाय सरळच वाटत होता: कमी पडणारं एन्झाइम बाहेरून द्यायचं.

बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी वार हा त्या एन्झाइमचा चांगला स्रोत होता. वारेतून शुद्ध केलेलं एन्झाइम १९७०च्या दशकात मोजक्या रुग्णांना दिलं गेलं, पण भरवशाचा गुण येईना. एन्झाइम खराब नव्हतं, ते चुकीच्या पेशीत जात होतं. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात आणि कोणती पेशी त्याला उचलणार हे या साखळ्यांच्या टोकावर ठरतं. गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मोरेल यांनी दाखवलं होतं की रक्तातल्या प्रथिनाच्या साखळीवरून सायालिक आम्ल काढून खालचं गॅलॅक्टोज उघडं केलं, की यकृतपेशी ते प्रथिन काही मिनिटांत रक्तातून उचलतात. वारेतल्या एन्झाइमचंही बरंचसं तसंच होत होतं. ते यकृतात जात होतं, पण यकृतपेशींत. मेद साचला होता त्यांच्या शेजारच्या कुप्फर पेशींत, म्हणजे यकृतातल्या मॅक्रोफेजमध्ये. एकाच अवयवात, काही मायक्रॉनच्या अंतरावर औषध चुकत होतं.

मग साखळ्यांची टोकं एकामागून एक छाटायची ठरलं. आधी सायालिक आम्ल, मग गॅलॅक्टोज, मग एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामिन, प्रत्येकासाठी वेगळं एन्झाइम. एवढं काढल्यावर खालचा मॅनोजचा गाभा उघडा पडतो आणि तो मॅक्रोफेजवरचा मॅनोज रिसेप्टर, म्हणजे सीडी २०६, ओळखतो. असं तासलेलं एन्झाइम १९९१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. एका रुग्णाच्या वर्षभराच्या उपचाराला हजारो वारा लागत. १९९४ पासून ते चिनी हॅमस्टरच्या पेशींत बनवता येऊ लागलं, आणि २०१२ मध्ये गाजराच्या पेशींत बनवलेलं एन्झाइम आलं. त्या वनस्पतिपेशी साखळीच्या टोकाला मॅनोज आपणहूनच उघडं ठेवतात, छाटणीची गरज पडत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

आता यातलं तुमच्या कामाचं सांगतो. मॅनोज रिसेप्टर मालासकट आत ओढला जातो, एंडोसोम नावाच्या पुटिकेत पोचतो, तिथे आम्लता वाढली की माल सोडतो आणि स्वतः पृष्ठभागावर परत येतो. माल पुढे लायसोसोममध्ये जातो. गोशेच्या एन्झाइमला काम करायचं होतं ते नेमकं तिथेच, आणि ते मुळात आम्लात काम करणारं एन्झाइम आहे. रिसेप्टर जिथे सोडतो तिथेच औषधाची गरज होती, म्हणून हे जमलं. दुसऱ्या कुठल्या औषधाला हीच साखर लावली तर ही सोय आपोआप मिळत नाही.

आणि इतकं जुळूनही मर्यादा राहिल्याच. मॅनोज रिसेप्टर यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरही असतो, त्यामुळे डोसचा मोठा वाटा तिथे जातो. १९९१ च्या चाचणीत दर दोन आठवड्यांनी किलोमागे ६० युनिट शिरेतून द्यावी लागली. प्लीहा आणि प्लेटलेट लवकर सुधारतात, हाडांना फार वेळ लागतो, आणि एन्झाइम मेंदूत पोचत नसल्यामुळे मज्जासंस्थेला ग्रासणाऱ्या प्रकारांत तिथला आजार तसाच राहतो. 'टार्गेटेड' हा शब्द वापरताना डोसचा किती भाग खरोखर त्या पेशीत गेला, हे मोजायची सवय आतापासून लावून घ्या.

दुसरं उदाहरण बी पेशींचं, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं. सीडी २० आणि सीडी २२ ही दोन्ही प्रथिनं बी पेशींच्या पृष्ठभागावर असतात. सीडी २० भरपूर असतं आणि त्याला चिकटणारी रिटुक्सिमॅब ही अँटीबॉडी १९९७ पासून लिम्फोमा या कर्करोगावर वापरली जाते. कुणालाही वाटेल की हिलाच विषारी औषध जोडावं. पण सीडी २० चिकटल्यावर फारसं आत ओढलं जात नाही. रिटुक्सिमॅबला त्याची गरजही नसते, कारण पेशीला खूण करून ती इतर पेशींकडून आणि रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांकडून मारवते. सीडी २० ला जोडून यशस्वी झालं ते किरणोत्सारी इट्रियम. ते २००२ मध्ये मान्य झालं, आणि किरणांना आत जायला दार लागत नाही. सीडी २२ संख्येने कमी असतं, पण अँटीबॉडी चिकटताच झपाट्याने आत जातं. म्हणून इनोटुझुमॅब ओझोगॅमायसिन हे औषध सीडी २२ वर बेतलं गेलं. त्यात कॅलिचेमायसिन हे डीएनए तोडणारं विष आम्लात तुटणाऱ्या दुव्याने जोडलेलं आहे. ते २०१७ मध्ये बी पेशींच्या तीव्र ल्युकेमियासाठी मान्य झालं. नुसती रिसेप्टरची संख्या बघून निवड केली असती तर चुकीचा रिसेप्टर निवडला गेला असता.

दुवा कुठे तुटतो याकडेही लक्ष द्या. २०१९ मध्ये आलेलं पोलाटुझुमॅब व्हेडोटिन सीडी ७९बी या बी पेशीच्याच रिसेप्टरमधून जातं आणि त्याचा दुवा लायसोसोममधली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं कापतात. दोन्ही औषधांत विष सुटल्यावर पटलातून पार होऊ शकेल अशा आकाराचं आहे. लायसोसोमपर्यंतचा प्रवास त्यांना चालतो, तो याचमुळे. दुवा रक्तातच सुटला किंवा औषध भलत्या पेशीने उचललं तर काय होतं, हेही या क्षेत्राने पाहिलं आहे. सीडी ३३ वर बेतलेलं, ल्युकेमियावरचं जेम्टुझुमॅब २००० मध्ये मान्य झालं, २०१० मध्ये बाजारातून परत घेतलं गेलं आणि २०१७ मध्ये कमी, विभागलेल्या डोसने पुन्हा आलं. यकृतातल्या बारीक शिरा बंद होणं हा त्याचा गंभीर दुष्परिणाम आहे.

आरएनएचं प्रकरण वेगळं आहे. प्रथिन बनवायचा निरोप नेणारा एमआरएनए असो वा असा निरोप बंद पाडणारा एसआयआरएनए, त्यांचं काम पेशीद्रवात चालतं आणि लायसोसोममध्ये त्यांचा चुरा होतो. म्हणजे रिसेप्टरने आत घेतल्यावर लायसोसोम येण्याआधी मध्येच उतरावं लागतं. मेदाच्या नॅनोकणांत आम्लता वाढली की धनभार घेणारे मेद घालतात ते यासाठी. तरी एंडोसोममधून सुटून पेशीद्रवात पोचणारा हिस्सा फार थोडा असतो. एसआयआरएनए वाहणाऱ्या अशा कणांच्या एका अभ्यासात तो एक ते दोन टक्के निघाला. यकृतपेशींत एवढ्या गळतीतही भागतं, कारण तिथला गॅलॅक्टोज ओळखणारा रिसेप्टर प्रचंड संख्येने असतो आणि सतत आत-बाहेर करत राहतो. ज्या रिसेप्टरने गोशेचं एन्झाइम पळवलं, त्याच्याच वाटेने आज कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान आत जातं आणि सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एक इंजेक्शन पुरतं. रोगप्रतिकारक पेशींवर असा सगळ्या दृष्टीने सोयीचा रिसेप्टर अजून कुणाला सापडलेला नाही. रुग्णांपर्यंत थोडीच औषधं का पोचली, या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्या मते इथे आहे.

टी पेशी तर मॅक्रोफेजसारख्या गिळणाऱ्या पेशीच नाहीत. तरीही तिथलं काम मला आज सर्वांत आशादायक वाटतं. २०२२ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने सीडी ५ ची अँटीबॉडी लावलेले नॅनोकण उंदरांना टोचले. कणांत एमआरएनए होता आणि त्याने टी पेशींना शरीरातच तात्पुरत्या कार-टी पेशी, म्हणजे ठरवलेलं लक्ष्य ओळखून मारणाऱ्या बदललेल्या टी पेशी, बनवलं. त्यांनी हृदयात तंतू साचवणाऱ्या पेशींवर हल्ला केला आणि हृदयाचं काम सुधारलं. आपल्याकडची नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. तिच्यात रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढून, विषाणूवाहकाने बदलून, वाढवून परत दिल्या जातात. हे बदल शरीरातच करता आले तर पेशी काढणं, वाढवणं, साठवणं या टप्प्यांचा खर्च आणि रुग्णाचे वाट पाहण्याचे आठवडे वाचतील. त्यासाठी टी पेशीचा असा रिसेप्टर हवा जो माल आत घेईल पण पेशीला भलताच इशारा देणार नाही. सीडी ३ ला हात लावला तर टी पेशी पेटून उठते आणि सायटोकाइन या संकेत देणाऱ्या प्रथिनांचा लोंढा येऊ शकतो.

इशाऱ्याचा हा मुद्दा पुस्तकांत कोपऱ्यात असतो. डीईसी-२०५ हा डेंड्रायटिक पेशींवरचा रिसेप्टर आहे. या पेशी प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्तीने ओळखायचा रेणू, टी पेशींना दाखवतात. राल्फ स्टाइनमन यांच्या प्रयोगशाळेत त्याच्या अँटीबॉडीला प्रतिजन जोडून उंदरांना दिला गेला. प्रतिजन हव्या त्या पेशीत छान पोचला, टी पेशींपुढे मांडलाही गेला. पण सोबत डेंड्रायटिक पेशीला जागं करणारा संकेत नव्हता, तेव्हा प्रतिकारशक्ती तयार होण्याऐवजी सहनशीलता आली. तो संकेत सोबत दिल्यावर जोरदार प्रतिकार मिळाला. वाहक तोच, रिसेप्टर तोच, आणि निकाल उलट. लस करणाऱ्याला ज्याची भीती वाटेल तेच स्वयंप्रतिकार आजारावर काम करणाऱ्याला हवं असतं, म्हणून दोघांनीही हे आधी ठरवायला हवं.

आता तुमचा क्षय. इथे मी थोडं परखड बोलतो, कारण प्रकल्पाला अजून वेळ आहे.

क्षयाच्या जंतूच्या आवरणावर मॅनोजची टोपी घातलेलं लिपोअ‍ॅराबिनोमॅनन असतं आणि जंतू स्वतःच मॅनोज रिसेप्टरमधून आत शिरू शकतो. शिवाय या वाटेने आत आला तर तो असलेली पुटिका लायसोसोमशी जुळणं रोखलं जातं. तुमचा लिपोसोम त्याच दारातून गेला तरी तो लायसोसोमकडे जाईल, आणि जंतू कदाचित वेगळ्याच पुटिकेत बसलेला असेल. औषध त्या दोन पटलांतून पार होऊन जंतूपर्यंत कसं जाणार, याचं उत्तर प्रबंधात असायला हवं. दुसरं, मॅनोज रिसेप्टर इंटरल्यूकिन-४ या संकेत देणाऱ्या प्रथिनाने वाढतो आणि गॅमा इंटरफेरॉन या दुसऱ्या अशाच प्रथिनाने कमी होतो. क्षयाशी लढणाऱ्या ऊतीत गॅमा इंटरफेरॉन भरपूर असतं, म्हणजे दार जिथे हवं तिथेच ते लहान झालेलं असू शकतं. तिसरं, क्षयाचे सगळे जंतू पेशींच्या आत नसतात. गाठीच्या मधल्या, दह्यासारख्या झालेल्या मृत भागातही ते असतात आणि तिथे मॅक्रोफेजमधून जाणारा वाहक पोचत नाही. चौथं, रिफॅम्पिसिन मेदात विरघळणारं असल्यामुळे मुळातच पेशींत बऱ्यापैकी शिरतं. त्याला वाहनाची गरज आहे हे आधी सिद्ध करावं लागेल. अ‍ॅमिकासिनसारखं, पेशीत सहज न शिरणारं औषध घेतलं तर वाहनाचा फायदा स्पष्ट दिसेल. श्वासातून दिलं जाणारं लिपोसोमल अ‍ॅमिकासिन २०१८ मध्ये क्षयाच्या भाऊबंद जंतूंच्या फुप्फुसरोगासाठी अमेरिकेत मान्य झालं आहे. त्यावर कसलाही लिगंड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा रेणू, नाही. फुप्फुसातल्या मॅक्रोफेजना लिपोसोम गिळायला साखरेचं आमंत्रण लागत नाही. लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये क्षयाची औषधं कोरड्या सूक्ष्मकणांतून श्वासावाटे देण्यावर बरंच काम झालं आहे, ते जरूर वाचा.

बिहारचा काळाआजारही याच कारणासाठी डोळ्यांसमोर ठेवा. त्याचा परजीवी मॅक्रोफेजच्या लायसोसोमसदृश पुटिकेतच राहतो आणि प्लीहा, यकृत, मज्जा ही त्याची घरं आहेत. लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी शिरेतून दिलं की त्याच अवयवांतले मॅक्रोफेज ते गिळतात. किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधल्या चाचणीत सहा महिन्यांनी सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे राहिलेले दिसले. २०१४ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पसंतीचा उपचार झाला. एकाही रिसेप्टरसाठी साखर किंवा अँटीबॉडी न लावता मॅक्रोफेजवर नेमकं काम करणारं औषध आपल्याच देशात हजारो लोकांना मिळालं. लिगंड लावण्याआधी तो न लावता काय होतं, हे बघणं म्हणूनच आवश्यक आहे.

शेवटी प्रयोगशाळेतलं. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. मॅनोज रिसेप्टरला साखर धरायला कॅल्शियम लागतं. सुरुवातीच्या काळात आम्ही पेशी सुट्या करायला ईडीटीए वापरत होतो आणि नीट न धुताच बंधनाचा प्रयोग लावत होतो. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे बंधन दिसेना. जवळजवळ चार महिने आम्ही लिपोसोमला दोष देत नवनवे दुवे करत बसलो. तुमच्या बफरमध्ये कॅल्शियम आहे का, हे आजच बघा.

पेशी उजळल्या म्हणजे औषध गेलं असं समजू नका. लिपोसोममधून गळलेला रंग एकटाच पेशीत शिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली चित्र सुंदर दिसतं. चार अंश तापमानाला तोच प्रयोग करा. तिथे कण चिकटतील पण आत जाणार नाहीत, त्यामुळे चिकटलेलं आणि गिळलेलं वेगळं कळेल. एकट्या मॅनोजची पकड फार दुबळी असते, म्हणून कणावर साखर किती दाट आहे ते मोजा आणि दोन-तीन घनतांवर प्रयोग करा. टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी पीएमए या रसायनाने मॅक्रोफेज केल्या म्हणजे सीडी २०६ आलंच असं धरू नका, फ्लो सायटोमेट्रीवर आधी खात्री करा. सीरम घालूनही बघा, कारण रक्तातली प्रथिनं कणावर थर देतात आणि मॅनोज झाकलं जाऊ शकतं. पुढे कधी अँटीबॉडी वापरणार असाल तर मॅक्रोफेज कुठलीही अँटीबॉडी तिच्या शेपटीने, एफसी रिसेप्टरमधून, पकडतात हे लक्षात ठेवून त्याचा ब्लॉक आणि आयसोटाइप कंट्रोल (लक्ष्य न ओळखणारी तशीच अँटीबॉडी) लावा.

पण या सगळ्याआधी एक प्रयोग करा. भरपूर मॅनन (मॅनोजची लांब साखळी) घालून रिसेप्टर व्यापून टाका आणि मग तुमचे मॅनोजवाले लिपोसोम द्या. शेजारी बिनमॅनोजचे, तेवढ्याच आकाराचे आणि तेवढ्याच विद्युतभाराचे लिपोसोम ठेवा. मॅनन असूनही शोषण तेवढंच राहिलं, तर कण रिसेप्टरमधून जातच नाहीत, मॅक्रोफेज नेहमीच्या सवयीने गिळत आहेत. फरक दिसला, तर जंतूंनी संसर्ग झालेल्या पेशींवर तोच प्रयोग लावा, चमक न मोजता जिवंत जंतूंच्या वसाहती मोजा, आणि त्या आकड्याशेजारी तेवढ्याच डोसच्या साध्या रिफॅम्पिसिनचा आकडा लिहा.